आवाजपेढीतला भरणा

५ फेब्रुवारी, सोमवार

जड वस्तू तळाला, हलकी वर. पोस्टाच्या पार्सल विभागात सगळी नोकरी केलेल्या बाईला दुसरी पद्धत येत नाही, म्हणून आजची वाईट बातमी आधी लिहिते.

यांचं स्वरयंत्र काढावं लागणार. पूर्ण. अठ्ठावीस तारखेला ऑपरेशन. गाठ निघेल, जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. हे फुलबाजारात लिलाव पुकारतात. बाजारात यांना 'भोंगा' म्हणतात आणि कौतुकाने म्हणतात. यांनी गुलाबाचा भाव पुकारला की तीन गल्ल्यांपलीकडच्या शाळेतली मुलं गणिताचं उत्तर म्हणून तोच आकडा लिहितात, अशी तिथली जुनी थट्टा आहे. अशा माणसाला 'आवाज जाईल' म्हणजे काय सांगितलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

हे खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "डॉक्टर, जीव आणि आवाज जोडीने घेतले तर काही सूट?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी रागाने यांच्याकडे बघितलं आणि मग मलाही हसू फुटलं. दवाखान्यात हसल्याबद्दल बाहेर आल्यावर यांनाच दटावलं.

आता हलकी बातमी. रक्तपेढी असते तशी आवाजपेढी असते! माणसाने आधी आपला आवाज तिथे भरून ठेवायचा. दिलेली वाक्यं शांत खोलीत वाचायची, रेकॉर्ड करायची, पाठवायची. त्यातून ते लोक एक यांत्रिक आवाज घडवतात. नंतर टॅबवर टाइप केलं की टॅब त्या माणसाच्या आवाजात बोलतो. फक्त सगळा भरणा ऑपरेशनच्या आत व्हायला हवा.

"आणि व्याज?" यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

भाची येऊन गेली. तिचा जुना लॅपटॉप, एक माईक आणि पुष्कळ वायरी ठेवून गेली. झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट उघडं ठेवायचं, त्याच्यापुढे स्टूल, स्टुलावर हे, तोंड माझ्या साड्यांकडे. कपडे आवाज पिऊन टाकतात म्हणे, घुमू देत नाहीत. खिडकीवर दोन रजया टांगल्या. हे म्हणाले, "आयुष्यभर तुझ्या साड्यांशी बोलायचं टाळलं, शेवटी गाठलंच त्यांनी."

लॅपटॉप इतका जुना की बटणांचे छान छान प्रोग्रॅम त्यात चालत नाहीत. म्हणून भाचीने मला काळी खिडकी शिकवली. नुसता काळा पडदा, त्यात आपण एक ओळ टाइप करायची आणि एंटर. त्यातल्या मुख्य अवजाराचं नाव एफएफएमपेग.

"शिंकलीस का?" हे स्टुलावरून म्हणाले.

"काका, हे आवाजाच्या फायली कापतं, जोडतं, बदलतं, लहान करतं. मावशीला जमेल."

"तिला काय, ती बाजारातून आणलेल्या पिशव्यांच्यासुद्धा त्रिकोणी घड्या घालते. तिला जमणार नाही तर कुणाला."

मला खरंच जमलं. ओळीत आधी अवजाराचं नाव, मग कुठली फाइल घ्यायची, मग तिचं काय करायचं, शेवटी कुठे ठेवायची. म्हणजे पाठवणारा, माल, घेणारा. ही तर पार्सलाची चिठ्ठी! मी पहिली ओळ चालवली आणि पडद्यावरून आकडे असे धावले की मी टाळ्या वाजवल्या. भाची म्हणाली, मावशी, ते नुसतं फाइल किती मिनिटांची आहे ते सांगतंय. असेना का.

१० फेब्रुवारी, शनिवार

पेढीने सहाशे वाक्यं दिली आहेत. ज्याने लिहिली त्याला आयुष्यात कुणी बोलायला मिळालं नसावं. 'माझ्या शेजाऱ्यांकडे निळी छत्री आहे.' 'घड्याळ भिंतीवर लावलेले असते.' 'कृपया ती खुर्ची थोडी सरकवाल का?'

आणि हे! तीस वर्षांची सवय. साधं वाक्य वाचूच शकत नाहीत. 'निळी छत्री आहे'पर्यंत आवाज असा चढला की छत्री विकली गेली, एवढंच म्हणायचं राहिलं. मी म्हटलं, अहो, सपाट वाचा. यांनी सपाट वाचलं. ते इतकं सपाट झालं की आपला शेजारी वारला आणि मागे फक्त छत्री उरली असं वाटलं. मी हसले. माझं हसणं रेकॉर्ड झालं. पुन्हा घ्यावं लागलं. पुन्हा छत्री विकली.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नेमकं आजच धावायचं यंत्र आणलं आहे. त्यांना जाऊन सांगितलं. बिचारे म्हणाले, ताई, मी महिनाभर चालेन.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉपमध्ये लाल पट्टी आली. जागा संपत आली म्हणतो. एकेका वाक्याच्या सात-आठ प्रती, शिवाय मी रेकॉर्डर बंद करायला विसरते, त्यामुळे आमच्या चहाच्या वेळाही त्यात जमा. भाचीला फोन केला.

"मावशी, एमपीथ्री करून टाक. बिटरेट कमी ठेव, फाइल एकदम लहान होईल. पण हे बघ, मूळ फायली..."

"कळलं, कळलं! तुझी मीटिंग असेल, ठेवते," म्हणून मी फोन ठेवला. तिच्या कामात लुडबुड नको.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती वजन द्यायचं ते. मी एका फाइलला सगळ्यांत कमी दिलं. भल्यामोठ्या फाइलची एवढीशी पुडी झाली! हेडफोन लावून ऐकलं. तोच आवाज, तीच छत्री. थोडं पाण्याखालून बोलल्यासारखं वाटलं, पण माझे कान आता साठीचे आहेत, त्यांचं फार मनावर घेत नाही.

पार्सल विभागात असताना हे यंत्र मिळालं असतं तर मी अख्खं शहर दोन पोत्यांत पाठवलं असतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज एका ओळीत चारशे फायली दाबल्या! चारशे! 'या फोल्डरमधली प्रत्येक घे आणि असं कर', एवढंच सांगायचं. मी एंटर दाबून भाजी निवडायला गेले, परत आले तर सगळ्या पुड्या रांगेत उभ्या. मी यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"फारच लहान झालो की गं मी," हे म्हणाले.

"जागा किती वाचली ते बघा."

मग मूळ फायली पुसून टाकल्या. काळ्या खिडकीत पुसलं की कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही, थेट नाहीसं. विचारतसुद्धा नाही की नक्की ना. लाल पट्टी गेली, हिरवी आली. इतकं स्वच्छ वाटलं की मी त्याच भरात स्वयंपाकघरातले दोन खणही आवरले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सहाशेवं वाक्य झालं. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' यांनी स्टुलावरून उठून साड्यांना नमस्कार केला.

उरलेल्या फायलीही तशाच दाबल्या, मूळ पुसल्या आणि पाठवायला गेले तर पेढीची वेबसाइट म्हणते एमपीथ्री चालणार नाही, वेव्ह नावाची मोठी फाइल हवी. मग आठवलं, बदलून देणारं अवजार माझ्याच हातात आहे. एक ओळ लिहिली, उलट्या दिशेची. आणि काय सांगू, सगळ्या फायली परत फुगल्या! फुंकर मारलेल्या फुग्यासारख्या. दोन दिवसांपूर्वी होत्या जवळपास तेवढ्याच. म्हणजे लहान करून ठेवायचं, हवं तेव्हा मोठं करायचं. हे जगाला कुणी सांगत कसं नाही?

पाठवून दिल्या. यांनी माझा सत्कार केला, म्हणजे खांद्यावर टॉवेल घातला आणि चहा करून दिला. आज घसा फार बसलाय. चहा मागायलाही खूण केली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आवाजपेढीतल्या मुलीचा फोन आला. फार गोड आवाज, त्यामुळे बातमी समजायला वेळ लागला.

"आजी, या फायली आधी एमपीथ्री केल्या होत्या का?"

"हो, पण मी परत मोठ्या केल्या ना."

तिने एक फाइल पुन्हा वाजवून बघितली. मग म्हणाली, "खोकं मोठं झालंय, आतला माल नाही. दाबताना ते अवजार आवाजातले बारकावे फेकून देतं. फेकलेलं परत येत नाही. मूळ फायली आहेत ना तुमच्याकडे?"

छोटा माल मोठ्या खोक्यात घालून आणणारी माणसं मी पोस्टाच्या खिडकीवर नुसत्या हाताने ओळखायची. खोकं उचललं की कळायचं. आणि हे मला कळलं नाही.

मूळ नाहीत, मी म्हटलं. मुलगी म्हणाली, मग पुन्हा रेकॉर्ड करायला हवं, यातून आवाज घडणार नाही. ऑपरेशन कधी आहे? मी तारीख सांगितली. ती म्हणाली, म्हणजे नऊच दिवस.

डॉक्टरीणबाईंनी परवाच सांगितलंय की दिवसातून तासभरच बोलायचं, त्यापेक्षा जास्त नाही. घसा रोज खाली चाललाय. सहाशे वाक्यं परत होणार नाहीत. मी यांचा आवाज पुसला. माझ्या हाताने, खण आवरायच्या उत्साहात.

मी नहाणीत नळ सोडून बसले. थोड्या वेळाने दारावर टकटक.

"पार्सलबाई, पाणी फुकट जातंय."

दार उघडून सगळं एका दमात सांगितलं. हे ऐकत राहिले. मग दाराच्या चौकटीला धरून हसायला लागले, खोकला येईपर्यंत.

"म्हणजे ती निळी छत्री गेली?"

"गेली."

"सगळी सहाशे गेली?"

"सगळी."

"देव आहे," म्हणाले. "अगं, त्या छत्रीच्या आवाजात मला उरलेलं आयुष्य काढायचं होतं. टॅबने तुला हाक मारली असती ना, तर तू खुर्ची सरकवून निघून गेली असतीस."

२० फेब्रुवारी, मंगळवार

मार्ग निघाला! यांनीच पेढीच्या मुलीला फोन लावला आणि बाजारात अडून बसलेल्या व्यापाऱ्याशी बोलतात तसं बोलले. वाक्यं वाचण्याऐवजी नुसतं बोललं तर? ती म्हणाली, चालेल, उलट जास्त जिवंत येतं. पण जे बोलाल ते शब्दन् शब्द टाइप करून द्यायचं आणि रेकॉर्डिंगमध्ये दुसरा कुणाचाही आवाज नको. एक अक्षरही नको.

"म्हणजे मी बोलायचं आणि हिने गप्प बसायचं?" हे म्हणाले. "ताई, तुम्ही हे आधी का नाही सुचवलंत?"

भाचीने नवी मोठी डिस्क पाठवली आहे. सोबत चिठ्ठी: 'मावशी, काहीही पुसू नकोस. काहीही. तुझी लाडकी.'

मला पाटी आणि खडू मिळाला आहे. उत्तरं त्यावर.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पहिला तास. यांनी मला बोलतं करायचा विडाच उचलला होता. माझ्या गाण्याबद्दल बोलले. मी पाटीवर 'खोटं' लिहिलं. माझ्या आत्याबद्दल बोलले. मी 'खबरदार' लिहिलं. मग एकदम म्हणाले, "तर मंडळी, मी या बाईच्या खिडकीवर पहिल्यांदा पार्सल घेऊन गेलो, त्यात काय होतं ते हिला अजून माहीत नाही."

मी खडू खाली ठेवला.

"वीट होती. हिने वजन केलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आत वस्तू हलतेय, नीट बांधून आणा. मी नीट बांधून आणलं. ते पार्सल माझ्याच घरी आलं, कारण पत्ता माझाच होता. नाव खोटं. पुढच्या आठवड्यात तीच वीट, दुसरं नाव. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. सरकारने त्या विटेला इतका प्रवास घडवला की पोस्टमन विचारायला लागला, तुमच्याकडे किती भाडेकरू आहेत?"

लग्नाला इतकी वर्षं झाली! मला वाटायचं, यांचा गोतावळा मोठा आहे, माणूस जपणारा दिसतो. मी पाटीवर लिहिलं: 'ती वीट कुठे आहे?'

"मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून जी लावतेस, ती कुठली वाटते तुला?"

मी हसले. उशी तोंडात धरून हसले, तरी आलंच. हेही हसले. घसा बसलेला, पण फाइल छान आली. आवाजाच्या पातळीचा काटा हिरव्यात.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा विषय कंटाळवाणा होता. पाण्याचा पंप. सुरू होत नसेल तर डाव्या बाजूला हाताने एक थाप मारायची, दहापर्यंत मोजायचं, मग बटण. छत गळलं तर कुणाला बोलवायचं आणि तो सांगेल त्याच्या निम्म्यावर कसं आणायचं. माझी रक्तदाबाची गोळी हे रोज माझ्या ताटाशेजारी ठेवतात, ती डबीत वारांप्रमाणे कशी लावायची. मी पाटीवर लिहिलं: 'पंप तुम्हीच लावता. मला कशाला?'

"पेढीला सगळ्या तऱ्हेचे शब्द लागतात," हे म्हणाले. "पंप हा शब्द कुठे येणार दुसरीकडे?"

खरंच, किती बारीक विचार करतात. पुढे म्हणाले, "रविवारी भाचीला बोलवत जा. एकटी जेवत जाऊ नकोस."

'तुम्ही असताना एकटी कशी?' मी लिहिलं.

यांनी पाटी वाचली. साड्यांकडे तोंड वळवलं. "एकटी हा शब्दही लागेल ना पेढीला," म्हणाले.

मागे वरचे गृहस्थ धपधप चालताना ऐकू येतात, तो भाग पाठवायच्या प्रतीतून कापला. बाकी आवाज स्वच्छ. 'थाप'मधला 'थ' फार सुरेख.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आवाज आता खरखरीत झालाय, वाळूच्या कागदासारखा. मी मुलीला विचारलं, असा चालेल का? ती म्हणाली, आधीच्या दिवसांचं पुष्कळ आहे, आजचं झालं की थांबा.

एक मनात आलेलं लिहून ठेवते. मला त्या टॅबची भीती वाटते. यांचा आवाज यांच्याबाहेर, टेबलावर ठेवलेला. कधी असं झालं की टेबलावरचा आहे आणि... पुढचं लिहिणार नाही. पार्सलावर वरची बाजू कुठली ते लिहायचं असतं, आत काय आहे ते नाही.

आज शेवटी हे माझ्याकडे वळून बसले. मी खुणेने सांगितलं, माईककडे, माईककडे! तर ऐकेनात. माझ्याकडेच बघून म्हणाले, तू खिडकीत बसून पार्सलांवर शिक्के मारायचीस, ते मला गाण्यासारखं वाटायचं. इतके दिवस सांगायचं राहिलं. आता सांगून ठेवतो. आणखीही बरंच. मान वळवल्यामुळे आवाज माईकपासून लांब गेला, पातळी फार खाली आली. पेढीला हा भाग निरुपयोगी आहे. पुसणार मात्र नाही. भाचीची सक्त ताकीद आहे.

२६ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस टाइप करतेय. शब्दन् शब्द. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, परत मागे. पंप, थाप, दहा आकडे, गोळी. माझी बोटं दुखतात आणि मी विनाकारण हसते.

पाठवलं! नको ते आवाज कापले, बाकी जसंच्या तसं, न दाबता. अगडबंब फायली, संपूर्ण दिवस जात होत्या. पट्टी मुंगीसारखी सरकत होती आणि मी तिच्याकडे बघून म्हणत होते, सावकाश जा बाई, घाई नाही, काही सांडू नकोस.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखाना. उद्या सकाळी पहिला नंबर यांचा.

बोलू नका सांगितलं होतं. दुपारपर्यंत ऐकलं. मग जेवणाच्या ट्रेवरचं एक केळं उचललं आणि वॉर्डात लिलाव मांडला. आवाज कसला, नुसती खरखर, पण लय तीच, दोन्ही नर्सबाई बोली लावायला लागल्या. समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी हात वर केला आणि त्यांना केळं चालत नाही असं त्यांच्या मुलाने सांगितल्यावर भांडले. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून, "दिलं! या बाईंना, बिनमोल!"

नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी ते केळं खाल्लं. सालीची त्रिकोणी घडी घातली, हे मला नंतर कळलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडले. मग आठवलं की त्यांना कामं असतील.

९ मार्च, शनिवार

यांना घरी आणलं. गळ्याशी पट्टी, हातात पाटी. आता खडू यांच्याकडे.

मधल्या दिवसांत मी घरी येऊन-जाऊन होते. एकदा पंप सुरू होईना. मी डावीकडे थाप मारली, दहा मोजले, बटण दाबलं. चालू! कुणाकडून शिकले कोण जाणे, हाताला येतच होतं. पंपाच्या आवाजात मोठ्याने ओरडले, जमलं हो! वरून वरच्या गृहस्थांनी विचारलं, काय ताई? काही नाही, म्हटलं.

यांना सांगितलं तर यांनी खडू खाली ठेवला. माझा हात धरून बसले. बहुधा दमले असतील.

१२ एप्रिल, शुक्रवार

आवाज आला! आला! पेढीच्या मुलीने सकाळी कळवलं, भाची धावत आली, टॅबमध्ये घातला. आम्ही तिघं टेबलाभोवती. हे चष्मा लावून टाइप करायला बसले. किती वेळ! भाचीने डोळे आधीच पुसून ठेवले. मला वाटलं, काहीतरी मोठं येणार.

टॅब म्हणाला, "पार्सलबाई, चहा."

यांचाच आवाज! तोच, जानेवारीतला, घसा बसायच्या आधीचा वाटला. आणि काय तो सूर! मी चहा टाकायला उठले आणि मग लक्षात आलं की मी अर्ध्या खोलीत नाचतच गेले होते.

दुपारी मुलीचा फोन. जरा अवघडून म्हणाली, "आजी, एक अडचण आहे. आमच्याकडे जे बोलणं आलं ते सगळं, म्हणजे... तुम्हाला चिडवल्यासारखं. त्यामुळे आवाज कुठलंही वाक्य चिडवल्यासारखंच म्हणतो. थोडा गंभीर करून देऊ?"

"हात लावलात तर बघा!" मी म्हटलं.

टॅब म्हणतो 'मला भूक लागली आहे' आणि मला वाटतं, माझी चूक. 'पाऊस येईल असं वाटतं' आणि वाटतं, तोही मीच पाठवला. भाचीने मुद्दाम टाइप केलं, 'माझ्या शेजाऱ्यांकडे निळी छत्री आहे.' टॅबने ते अशा सुरात म्हटलं की ती छत्री शेजाऱ्यांनी आमच्याकडूनच नेली असावी.

१६ एप्रिल, मंगळवार

विम्याच्या माणसाचा फोन. नेहमी मी घेते आणि अडकते. आज यांनी घेतला, टॅब फोनला लावला. तो बिचारा आपलं सांगतोय, मध्ये लांब शांतता, त्याला वाटतं गिऱ्हाईक विचारात पडलं, तो हप्ता कमी करतो. हे टाइप करतायत. पुन्हा शांतता. पुन्हा हप्ता कमी. शेवटी टॅब म्हणाला, "अजून थोडं खाली या, मग नाही म्हणतो."

मी जमिनीवर बसून हसले. यांच्याकडे बघितलं तर हेही हसत होते. खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं. आणि आवाज नाही. काहीच नाही.

आम्ही बोलण्याचाच विचार केला. हसण्याचा कुणी केलाच नाही. पेढीनेही नाही.

यांना कळलं मी का थांबले. टॅब ओढला, टाइप केलं. टॅब म्हणाला, "हा. हा. हा."

हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखं! तीन मुलं हजर, बाकी गैरहजर. मग मात्र आम्हा दोघांना आवरेना.

१८ एप्रिल, गुरुवार

यांचं हसू शोधायला बसले. सगळं रेकॉर्डिंग डिस्कवर आहे, मूळ, अखंड. एक छानसं हसू कापायचं आणि टॅबवर त्याला एक बटण द्यायचं, भाची म्हणाली तसं करता येतं.

विटेच्या दिवसाचं काढलं. मोठं, मोकळं, मध्ये खोकला. पण त्यात मी आहे. उशीतून, तरी आहे. आत्याच्या गोष्टीचं काढलं. त्यातही मी. दुसऱ्या दिवशीचं, तिसऱ्या दिवशीचं. जिथे हे हसले तिथे तिथे मी. गप्प बसायचा ठेका घेतलेली बाई! यांचं एकट्याचं हसू कुठे नाहीच.

भाचीला विचारलं, दोन आवाज वेगळे करायची ओळ सांग. ती म्हणाली, "मावशी, एकाच माईकमध्ये, एकाच वेळी हसलात. वेगळं करायला गेलं तर दोन्ही फाटतील. तसंच ठेव."

तसंच ठेवलं. इथपासून इथपर्यंत काप, आणि आत काहीही बदलू नकोस, जसं आहे तसं उचल, एवढीच ओळ. न दाबता. सहा सेकंदांची फाइल अवजड झाली. होऊ दे.

बटण दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. पाठीमागून आम्ही दोघं हसलो. मी दचकले, मग हसले. हे परत दाबतात, मी परत हसते. दिवसभर हाच खेळ. वरच्या गृहस्थांनी चालणं थांबवलं म्हणजे बघा.

संध्याकाळी विम्याच्या माणसाचा पुन्हा फोन आला. हिमतीचा माणूस आहे. त्याने हप्ता सांगितला, यांनी बटण दाबलं. तो गोंधळला. "साहेब, घरी पाहुणे आहेत का? नंतर करू?"

हे टाइप करायला लागले. मला कुठला धीर. आतूनच ओरडले, "पाहुणे नाहीत हो! आम्ही दोघंच आहोत!"